स्वस्त विजेचे महाग करार

गोव्यात वीज गेली की वीजखात्याच्या नावाने बोटे मोडायची आणि वीज आली की तो विषय डोक्यातून काढून टाकायचा, अशी आपल्या सार्वजनिक चर्चेची रीत होऊन बसली आहे. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर माडाची झावळी तारेवर पडते, अर्धा गाव अंधारात बुडतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत तक्रारींची पत्रे येऊन पडतात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात आणि मंत्रिमहोदय भूमिगत वाहिन्यांचे आश्वासन देतात. या तक्रारी खोट्या नाहीत. खांब, तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांची हेळसांड हा खराच प्रश्न आहे. परंतु त्या गदारोळात याहून मोठी गोष्ट नजरेआड होते. पुढची वीस-पंचवीस वर्षे गोमंतकीय ग्राहक विजेला काय मोजणार, हे कराराच्या कागदावर ठरत असते, आणि तो कागद वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

या बाबतीत गोव्याची स्थिती शेजाऱ्यांहून निराळी आहे. महाराष्ट्राला कोयना आहे, कर्नाटकाला शरावती आणि काळी आहे. गोव्यापाशी स्वतःचे म्हणावे असे एकही मोठे वीजकेंद्र नाही. तिळारीचे पाणी कालव्याने गोव्यात येते, पण वर त्या पाण्यावर होणारी वीज महाराष्ट्राची. पोर्तुगीज अमदानीत दिवाबत्ती होती ती शहरांपुरती आणि जनित्रांवर चाललेली. मुक्तीनंतर १९६३ साली वीजखाते उभे राहिले, शेजारच्या राज्यांतून तारा आल्या आणि दोन-तीन दशकांत खेड्यापाड्यांत दिवे पोचले. ही कामगिरी लहान नव्हती, व ती करणाऱ्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. आजही कोरबा, विंध्याचल, सिपत, रामगुंडम अशा केंद्र सरकारच्या कोळशावरील केंद्रांतून ठरलेला हिस्सा गोव्याला मिळतो. उत्तरेकडून कोल्हापूर-म्हापसा वाहिनीने आणि पूर्वेकडून आंबेवाडी-फोंडा वाहिनीने तो येथे पोचतो. सातशे ते आठशे मेगावॅटची कमाल मागणी आणि वर्षाकाठी सुमारे पाचशे कोटी युनिट, एवढी आपली भूक आहे. दरडोई हिशेब केला तर ती राष्ट्रीय सरासरीच्या दुपटीहून अधिक भरते. कारखाने, पोलादाच्या भट्ट्या आणि वातानुकूलित हॉटेले यांचा त्यात मोठा वाटा आहे हे खरे. तरी आपल्या घरांतील यंत्रेही दर उन्हाळ्यात वाढत आहेत, हे विसरून चालणार नाही.

जो स्वतः पिकवत नाही, त्याला निदान बाजारहाट तरी नीट करता आली पाहिजे. गोव्याचे ऊर्जाधोरण म्हणजे शेवटी ही बाजारहाटच होय.

ती चुकली म्हणजे काय होते हे पाहायला लांब जावे लागत नाही. कोकण रेल्वेने चिपळूणला उतरून गुहागरच्या वाटेला लागले की अंजनवेलच्या पठारावर एक प्रचंड वीजकेंद्र दिसते. दाभोळ प्रकल्प, म्हणजेच एन्रॉन. जून १९९२ मध्ये अमेरिकेतील त्या कंपनीशी महाराष्ट्राचा सामंजस्य करार झाला, तोही निविदा न मागवता. जागतिक बँकेने १९९३ च्या एप्रिलमध्येच हा प्रकल्प आर्थिक दृष्ट्या परवडणारा नाही, कोळशाची स्वस्त वीज बाजूला सारून ही महाग वीज घ्यावी लागेल, असे सांगून कर्ज नाकारले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्य वीज मंडळाने वीजखरेदीच्या करारावर सही केली. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने करार मोठ्या आवेशाने रद्द केला आणि अवघ्या काही महिन्यांत तोच प्रकल्प, पहिल्याहून मोठा करून, पुन्हा स्वीकारला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. २००१ च्या मध्यावर तो बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन कंपनीचे दिवाळे वाजले.

हा घटनाक्रम बऱ्याच जणांच्या स्मरणात असेल. करारातील ज्या कलमाने घात केला, त्याची आठवण मात्र बुजत चालली आहे, म्हणून ते थोडे उलगडून सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. वीजकेंद्राच्या बिलाचे दोन भाग असतात. एक केंद्र उभारल्याचा स्थिर आकार आणि दुसरा जळलेल्या इंधनाचा आकार. खाणावळीचा महिना बांधून ठेवला की जेवायला गेले नाही तरी महिन्याचे पैसे द्यावे लागतात, तसा हा स्थिर आकार. दाभोळच्या करारात केंद्र वीज देण्यास सज्ज आहे एवढ्यावरच तो देणे लागत होता, मग मंडळाने वीज उचलो वा न उचलो. हा आकार मुख्यतः डॉलरशी बांधलेला होता. करार झाला तेव्हा डॉलर एकतीस-बत्तीस रुपयांना होता. २००१ साली तो सत्तेचाळीसच्या आसपास पोचला. इंधन म्हणून पहिल्या टप्प्यात नाफ्ता, म्हणजे खनिज तेलाचे अपत्य; २००० साली तेल भडकले तसा तोही भडकला. मागणीचे जे अंदाज गृहीत धरून एवढी वीज बांधून घेतली, ती मागणी त्या दराला कधीच आली नाही. ज्यांच्याजवळ कोळशाची वीज स्वस्तात होती त्या मंडळाने महाग वीज घ्यावी तरी तोटा आणि न घ्यावी तरी स्थिर आकाराचा भुर्दंड! बिले थकली, कंपनीने राज्याची हमी आणि मागोमाग केंद्राची प्रतिहमीही पुढे केली. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २००१ मध्ये अहवाल दिला, पण तोवर घोडे गंगेत न्हाले होते.

येथे एक नोंद करणे न्यायाचे होईल. या कराराची आकडेमोड वेळीच करणारी माणसे महाराष्ट्रात होती. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतील तरुण अभियंत्यांनी १९९५ सालीच त्याचा ताळेबंद मांडून दाखविला होता. गुहागर तालुक्यातील गावकरी आपल्या परीने विरोध करीत होते आणि त्यापायी पोलिसांच्या लाठ्या खात होते. जाणकार लिहीत राहिले, गावकरी लढत राहिले, आणि ज्यांच्या बिलातून पैसा जाणार होता तो मुंबई-पुण्याचा मध्यमवर्ग, वीज आली म्हणजे झाले, या समजुतीत राहिला. पुढे २००५ साली सरकारी कंपन्यांनी मिळून ते केंद्र ताब्यात घेतले. २०१३ मध्ये वायूअभावी ते पुन्हा बंद पडले. २०१५ नंतर रेल्वेला वीज देण्यासाठी त्यातील काही भाग फिरू लागला. ज्याची क्षमता दोन हजार मेगावॅटच्या जवळपास आहे, अशा केंद्राची ही कथा!

दाभोळ म्हणजे महाराष्ट्राची करणी, आपण गोमंतकीय शहाणे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने सांकवाळची आठवण करावी. त्याच नव्वदीच्या दशकाच्या शेवटी तेथे नाफ्त्यावर चालणारे ४८ मेगावॅटचे खाजगी वीजकेंद्र आले. राज्याने पंधरा वर्षांचा खरेदी करार केला. इंधन तेच, भडकते; आणि जोखीम त्याच्याच माथी, घेणाऱ्याच्या. २०१४ मध्ये मुदत संपली तेव्हा थकबाकीचा वाद मागे उरला. प्रकरण लवादाकडे गेले, २०१८ मध्ये राज्याविरुद्ध पावणेतीनशे कोटी रुपयांहून अधिक रकमेचा निवाडा झाला, त्यावर राज्य न्यायालयात गेले आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लवादाचाच निवाडा उचलून धरला. ज्या विजेचा दिवा नऊ वर्षांपूर्वी विझला, तिचे देणे व्याजासह उभे राहिले. हत्ती गेला तरी शेपूट राहते ते असे.

खरेदीत जी गफलत, तीच विक्रीतही झाली. सप्टेंबर १९९१ मध्ये उद्योग यावेत म्हणून शासनाने कारखान्यांना वीजबिलात पाच वर्षे पंचवीस टक्के सूट जाहीर केली. उद्योग आले, आणि त्यांत विजेवरच जगणारे, माणसे कमी लावणारे व युनिटे भरमसाट खाणारे कारखानेही आले. तिजोरीला ते झेपेना, म्हणून १९९५ मध्ये सूट मागे घेतली. मग कोण पात्र आणि कोण अपात्र यावर वर्षानुवर्षे खटले चालले. २००२ मध्ये दिलेली सूट परत वसूल करण्याचा कायदाच विधानसभेला करावा लागला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवीपर्यंत २०१० साल उजाडले. एका अधिसूचनेचे हे आयुष्य! ती काढताना पाच वर्षांत किती युनिटे खपतील आणि किती कोटी जातील याची मोजदाद कोणी केली असेल, असे या साऱ्या प्रकरणावरून तरी दिसत नाही.

जुनी भुते आज उकरून काढण्याचे कारण असे की, अशाच दीर्घ मुदतीच्या करारांचा नवा हंगाम सुरू झाला आहे. या वेळी इंधन नाफ्ता नाही, सूर्य आणि वारा आहे. राज्य शासनाने २०५० पर्यंत संपूर्णपणे नवीकरणीय ऊर्जेकडे वळण्याचा संकल्प केला आहे. संकल्प स्वागतार्ह आहे. ज्या समुद्राच्या काठी आपण राहतो त्याची पातळी वाढत असताना, कोरब्याच्या धुराशी आपला काही संबंध नाही असा आव गोव्याने आणू नये. देशातही चित्र बदलत आहे: जून २०२५ अखेर देशाच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगर-खनिज इंधनांची झाली. प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेत मात्र २०२४-२५ साली कोळशाचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश होता. क्षमता निम्मी आणि वीज पाव, या तफावतीचा अर्थ ज्याला कळला त्याला सौरऊर्जेचे अर्थशास्त्र बरेचसे कळले असे समजावे. सौर पट्ट्या रात्री झोपतात. कोळशाची भट्टी जागी असते.

सौर विजेचा दर ज्या वेगाने कोसळला त्याला तोड नाही. २०१० च्या सुमारास राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात तो युनिटला अकरा-बारा रुपये होता. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला आणि २०२० अखेर गुजरातेत १ रुपया ९९ पैशांवर. वाचणाऱ्याला आनंद व्हावा असेच हे आकडे आहेत, पण ज्यांनी आरंभीच्या दराने पंचवीस वर्षांचे करार केले त्यांचे काय? गुजरातने तसे महाग करार केले होते. नंतर दर उतरवून घेण्याची त्याची खटपट फसली. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये जुने करार मोडू पाहिले. मार्च २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने करार पाळलेच पाहिजेत असा निर्णय दिला. न्यायालयांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. सरकारची सही ही सही असते. म्हणूनच ती करण्यापूर्वी हात थरथरला पाहिजे.

आता दर तळाला आहे, तेव्हा सही करण्यात धोका तो कोणता, असे कोणी विचारील. धोका आहे, आणि तो घड्याळात दडलेला आहे. दुपारी बारा वाजता देशभरच्या सौर पट्ट्या एकदम तळपतात. त्या वेळी वीजबाजारात युनिटचा दर दोन-तीन रुपयांवर आणि कधी त्याच्याही खाली येतो. सूर्य मावळला, दिवे लागले, शयनगृहांतली यंत्रे सुरू झाली की तोच दर उन्हाळ्यात दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. म्हणजे एकच युनिट, पण दुपारचे वेगळे आणि सांजवातीचे वेगळे. गोव्याची गरज तर संध्याकाळी आणि रात्री, पर्यटकांच्या वर्दळीबरोबर चढत जाणारी. अडीच रुपयांची दुपारची वीज पंचवीस वर्षांसाठी बांधून घेतली आणि संध्याकाळी दहा रुपयांनी बाजारात जावे लागले, तर तिला स्वस्त कसे म्हणायचे? २०२५ साली राजस्थानात ऊन होते, पट्ट्याही होत्या, पण वीज वाहून नेणाऱ्या तारा अपुऱ्या म्हणून कित्येक प्रकल्पांना निर्मिती थांबवावी लागली. त्याच वर्षी लिलाव होऊनही खरेदीदार राज्य न मिळालेली नवीकरणीय क्षमता चाळीस हजार मेगावॅटच्या वर साचली होती. विकणारा अडला आहे तेव्हा घेणाऱ्याने घाई का करावी?

संध्याकाळची वीज साठवणीतून मिळू शकते, आणि तीही आता आवाक्यात येत आहे. डिसेंबर २०२४ च्या लिलावात साठवणुकीसह सौर वीज युनिटला साडेतीन रुपयांच्या आसपास देऊ केली गेली. दोन रुपयांची दुपारची वीज व साडेतीनची साठवलेली वीज यांत आमची पसंती विचाराल तर ती निःशंक दुसरीला आहे. त्याखेरीज किनारपट्टीचे आपले एक वेगळे दुखणे आहे. जून ते ऑगस्ट या काळात गोव्यावर ढगांचे छत असते आणि पट्ट्या निम्म्या-शिम्म्या कामाच्या. पण नेमक्या त्याच महिन्यांत साताऱ्याच्या पठारांवर आणि गदग-चित्रदुर्गाकडे नैऋत्येचा वारा सुटतो आणि पवनचक्क्या गरागरा फिरतात. गोव्याच्या खरेदीत पवनविजेचा भरभक्कम हिस्सा असणे ही म्हणूनच पावसाळ्याची बेगमी आहे. आमच्या आजीपणजी सुके मासे, लोणची आणि सोले भरून ठेवीत असत. ते शहाणपण वीजखात्याला शिकविण्यासाठी परदेशी सल्लागार आणण्याची गरज पडू नये.

गोव्यातच सारी वीज का करू नये, असाही एक भाबडा सूर ऐकू येतो. गणित सोपे आहे. एक मेगावॅट सौर क्षमता वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट देते आणि चार-पाच एकर जमीन घेते. पाचशे कोटी युनिटांना तीन हजार तीनशे मेगावॅट लागतील, म्हणजे तेरा ते सोळा हजार एकर. तिसवाडी तालुक्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक पट्ट्यांखाली झाकावा लागेल. कुठे? खाजनांवर? काजूच्या बागायतीवर? खाणींनी ओरबाडलेल्या आणि पडून असलेल्या पठारांचा विचार अवश्य व्हावा, व तो आजवर धडपणे का झाला नाही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. परंतु शेतजमिनीचे रूपांतर करण्यास टपलेल्या मंडळींना ‘हरित ऊर्जा’ हा नवा मुखवटा मिळू नये, एवढी दक्षता ग्रामसभांनी घेतली पाहिजे.

घरांची छपरे हा अधिक सज्जन मार्ग. फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राची सूर्यघर योजना तीन किलोवॅटच्या छपराला ७८ हजार रुपयांचे अनुदान देते. असे छप्पर वर्षाला चार हजारांच्या आसपास युनिट देऊ शकते. एक लाख घरांनी ते बसविले तर चाळीस कोटी युनिट होतील, आपल्या गरजेच्या आठ टक्के. हे थोडे नाही, पण पुष्कळही नाही. आणि यात एक अन्याय लपलेला आहे. दुपारी खात्याला दिलेले युनिट रात्री तसेच परत मिळते, म्हणजे छपरवाला खात्याच्या तारांचा बँकेसारखा वापर करतो आणि त्याचे बिल शून्याकडे झुकते. त्या तारांचा, खांबांचा, वायरमनच्या पगाराचा खर्च मात्र शून्याकडे झुकत नाही. तो उरलेल्यांवर पडतो. उरलेले कोण? सदनिकेत राहणारा कारकून, भाड्याच्या खोलीतली कामगार कुटुंबे, आणि घराचा कागदच नावावर नसलेला मुंडकार. बंगलेवाल्याला अनुदान आणि मुंडकाराला अधिभार, अशी योजना कोणत्याही शासनाला शोभणारी नाही. शाळा, पंचायतघरे, बाजाराच्या इमारती, औद्योगिक वसाहतींच्या शेड यांची छपरे आधी वापरावीत, आणि त्यांतील हिस्सा सदनिकांतील व बिनछपराच्या ग्राहकांच्या बिलात वळता करावा, असे आम्हाला वाटते. तांत्रिक दृष्ट्या यात अशक्य काही नाही.

बाहेरची वीज घ्यायची म्हटल्यावर तारा आल्या, आणि तारा म्हटल्या की मोले. शेल्डेपर्यंत येणाऱ्या चारशे केव्ही वाहिनीसाठी मोलेच्या अभयारण्यातून नवी वाट फोडण्याच्या बेताविरुद्ध २०२० साली गोव्यातील तरुणांनी जे आंदोलन उभारले ते विसरण्याजोगे नाही. केंद्रीय सक्षम समितीने एप्रिल २०२१ मध्ये नवी वाट नको, जुन्या वाहिनीच्याच मार्गाने न्या, असे सुचविले आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. कर्नाटकाच्या वनहद्दीतील परवानगीचा गुंता पुढेही राहिलाच. या प्रकरणात आमची भूमिका दोन्ही बाजूंना थोडी बोचेल. घरात चार यंत्रे गार हवेची लावून ‘तार नको’ म्हणणे हा ढोंगीपणा आहे. आणि जंगल म्हणजे नकाशावरची मोकळी जागा असे समजून सरळ रेघ ओढणे हा अडाणीपणा आहे. जी वाट समितीला एका अहवालात सापडली ती आखणी करणाऱ्यांना आधी का दिसली नाही? उत्तर असे की जंगलाची किंमत वीजदराच्या हिशेबात धरलीच जात नाही. सरळ रेघ स्वस्त पडते, कारण झाडांचे बिल कोणी पाठवीत नाही.

तेव्हा गोव्याने काय करावे? आमच्या मते सर्वांत आधी करार एकगठ्ठा करू नयेत. पाचशे कोटींची गरज एका सहीने पंचवीस वर्षांसाठी बांधणे म्हणजे दाभोळची पुनरावृत्ती, इंधन निराळे एवढेच. दर दोन-तीन वर्षांनी थोडी थोडी खरेदी करावी, काही करार दहा-बारा वर्षांचे असावेत, म्हणजे उतरत्या दराचा लाभ मिळत राहील. थांबूनच राहावे असा याचा अर्थ नव्हे. जो नुसता वाट पाहत बसतो त्याला उन्हाळ्याच्या संध्याकाळी दहा रुपयांनी घ्यावे लागते, आणि आजचे मरण उद्यावर ढकलण्यात आपली सरकारे तरबेज आहेत. दुसरे असे की, प्रत्येक प्रस्तावित करारात संध्याकाळी सहा ते मध्यरात्र या वेळेत किती वीज हमखास मिळणार हे लिहिलेले असावे. नुसता सरासरी दर सांगणाऱ्याला दारातून परत पाठवावे.

केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी वेळेनुसार दर आकारण्याची दिशा घालून दिली आहे. सूर्य तळपत असताना दर कमी, मागणी शिगेला असताना अधिक. हॉटेले, शीतगृहे आणि भट्ट्या यांनी आपले काम दुपारकडे सरकविले तर संध्याकाळची महाग खरेदी कमी होईल. पण हा दर प्रथम त्यांना लागू व्हावा ज्यांना वेळ बदलणे शक्य आहे. संध्याकाळी स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीला ‘दुपारी करा’ असे सांगण्यात काही अर्थ नाही.

राज्यात वीजपुरवठा अजून सरकारी खात्याकडेच आहे. एकेकाळी आपल्याच संघप्रदेशाचा भाग असलेल्या दमणमध्ये एप्रिल २०२२ पासून तो खाजगी कंपनीकडे गेला. गोव्यातही तसे व्हावे असे म्हणणारे आहेत आणि होऊ नये असे म्हणणारे त्याहून अधिक आहेत. आम्ही दुसऱ्या पक्षात आहोत. परंतु खाते सरकारी आहे म्हणून त्याचे कागद गुप्त राहावेत हे आम्हाला मान्य नाही. खात्याची तूट तिजोरीतून भरून निघते, त्यामुळे चुकीच्या कराराची कळ बिलात लगेच जाणवत नाही. ती शाळेच्या, रस्त्याच्या आणि इस्पितळाच्या पैशातून निघते, इतकेच.

दरवर्षी संयुक्त वीज नियामक आयोग गुरुग्रामहून पणजीला किंवा मडगावला येऊन दरवाढीवर जनसुनावणी घेतो. कायद्याने ग्राहकाला तेथे उभे राहून प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. अशा सुनावण्यांत औद्योगिक संघटनांचे वकील तयारीनिशी येतात. घरगुती ग्राहकांच्या खुर्च्या बहुधा रिकाम्या असतात. पुढील सुनावणीपूर्वी निदान एक महिना आधी वीजखात्याने आपले सर्व चालू व प्रस्तावित खरेदी करार, त्यांच्या मुदती, स्थिर आकार आणि संध्याकाळच्या हमीसह, मराठीत, कोकणीत व इंग्रजीत छापून प्रत्येक तालुक्याच्या उपविभागीय कार्यालयात ठेवावेत, अशी आमची मागणी आहे. गावागावांतील वाचनालयांनीही त्याची एकेक प्रत मागवून घ्यावी.